दुपट्ट्यात बांधलेले तीन फ्यूज

आमच्या वावरातल्या विहिरीत पाच हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक, म्हणजे मोटार आणि पंप एकत्र असलेली, होती, आतल्या दगडी ठिय्यावर बसवलेली. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पाइपाच्या खालच्या टोकाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये गाळ अडकायचा. मोटार नुसती घरघर करायची, पाणी ओढायची नाही. मग बाबा खाली उतरून, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तो व्हॉल्व्ह खोलायचे. मी काठावर बसून पाना नाहीतर दोर खाली सोडायचो.

उतरायच्या आधी बाबांचं एक काम ठरलेलं असायचं. काठावरच्या लोखंडी पेटीत मेन स्विच, स्टार्टर आणि चिनी मातीचे तीन किटकॅट फ्यूज होते. मेन स्विच खाली ओढला तरी बाबांचं समाधान व्हायचं नाही. ते तिन्ही फ्यूजच्या ग्रिप ओढून काढायचे, दुपट्ट्याच्या टोकात गाठ मारून बांधायचे आणि तो दुपट्टा डोक्याला गुंडाळून विहिरीत उतरायचे. पाण्यात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर त्याच्याच मोटारीचे तीन फ्यूज. लहानपणचं ते चित्र अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

एकदा मी विचारलं होतं, “बाबा, लाइन त सकाळपासून गेलीच आहे. फ्यूज काहून काढता?”

“गेली आहे म्हणूनच काढतो, बाबू. गेलेली लाइन वापस येते.”

तेव्हा मी सातवीत होतो. या वाक्याचा पूर्ण अर्थ लागायला मला आयटीआय करावं लागलं, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, बारा वर्षं वायरमन म्हणून राबावं लागलं, आणि एका माणसाची चार बोटं जाताना पाहावी लागली.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइन पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला लाइन आली की कोण थंडीत उठून वावरात जाणार? म्हणून जो तो स्टार्टरला ऑटो लावून ठेवतो. लाइन आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठी आहे आणि शेतकऱ्याची झोप वाचते, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ऑटो लावलेली मोटार लाइन गेलेली असताना बंद नसते, ती नुसती थांबलेली असते. तिला माणूस लागत नाही, हाक लागत नाही. तिकडे सबस्टेशनमध्ये कुणीतरी फिडर, म्हणजे गावाकडं येणारी लाइन, चार्ज केला की इकडे विहिरीत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला पाइप थरथरतो. आणि वायरचं इन्सुलेशन कुठं सोललेलं असलं, अर्थिंगचा पत्ता नसला, तर थरथर पाइपापुरती राहत नाही.

ओल्या अंगाच्या माणसाचा विजेला होणारा विरोध ढोबळमानानं हजार ओहम धरतात. 230 व्होल्टला त्यातून 230 मिलिअँपिअर जाणार. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब याच्या जवळजवळ दुप्पट करंट घ्यायचा. म्हणजे तो बल्ब पूर्ण तेजानं पेटायलाही जो पुरत नाही, तेवढा करंट. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. शंभरच्या आसपास छातीतून गेला तर हृदयाचा ठेका बिघडतो. घरातली आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा खटका, 30 मिलिअँपिअरवर पडते ती याच हिशेबानं. आणि पेटीतला फ्यूज वाचवतो ती वायर आणि मोटार, माणूस नाही. पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचा फ्यूज वितळायला जेवढा करंट लागतो, त्याच्या कितीतरी आधी माणूस संपलेला असतो.

हिंगणघाटच्या रस्त्यावर एका जिनिंगमध्ये मी कामाला होतो. दिवाळीच्या आसपास सीझन सुरू झाला की रात्र-दिवस सारखेच. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत जिनांची ओळ, हवेत रुईचे तंतू एवढे की चार मशीनच्या पलीकडचा माणूस धूसर दिसायचा. जिनमधून रुई एका बाजूला पडते आणि सरकी खाली. जमिनीलगत लांबच लांब स्क्रू कन्व्हेयर असतो, तो सरकी ढकलत बाहेर नेतो. पत्र्याच्या नळीत फिरणारा लोखंडी पेच, एवढंच ते यंत्र. दिसायला गरीब, वेगही फार नसतो, म्हणून त्याची भीती कुणाला वाटत नाही.

मार्चचा महिना होता, सीझन उतरणीला लागलेला. दुपारी लाइन गेली. आमचा फिटर, त्याला सगळे मामा म्हणायचे, अशा वेळी कधी बसून राहत नसे. सकाळपासून कन्व्हेयर एका ठिकाणी अडत होता. लाइन गेली आहे तोवर साफ करून घेऊ म्हणून त्यानं झाकण काढलं आणि हात घालून ओली सरकी, सुतळीचे तुकडे, कवडी कापूस ओढून काढायला बसला. कुणाला सांगितलं नाही. सांगायचं असतं अशी पद्धतच नव्हती.

वीस-पंचवीस मिनिटांनी लाइन आली. मी पॅनलरूमच्या दाराशी उभा होतो. व्होल्टमीटरचा काटा चढताना पाहिला आणि रोजच्यासारखा ओरडलो, “लाइन आली!” ऑपरेटरनं त्याच्या नेमाप्रमाणे मशीन चढवायला घेतली. यात एक क्रम असतो. आधी जिन सुरू केले तर खाली सरकीचा ढीग साचतो, म्हणून पहिल्यांदा कन्व्हेयर सुरू करायचा, मग जिन. त्यानं पहिलं हिरवं बटण दाबलं ते कन्व्हेयरचं.

ओरडणं मला आधी मशीनचंच वाटलं.

मामाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. त्याला सेवाग्रामला नेलं तेव्हा जीपमध्ये मी त्याच्या शेजारी होतो, आणि तो सारखा एकच विचारत होता, “काहून चालू केली रे? काहून चालू केली?”

नंतर चौकशी झाली, तीही याच प्रश्नावर. कोणी चालू केली? ऑपरेटरनं. कोणाच्या सांगण्यावरून? वायरमन ओरडला म्हणून. झाकण कोणी काढलं? मामानं. परवानगी होती का? नव्हती. मग दोष मामाचा. कागद बंद झाला. त्या कागदात लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, तरी तो कागद मला आजही मान्य नाही. ऑपरेटरनं त्याचं काम बरोबर केलं होतं. मी माझं केलं होतं. मामा तर मालकाच्याच फायद्यासाठी, बसायच्या वेळात, कुणी न सांगता काम करत होता. तिघंही आपापल्या जागी चोख, आणि हात गेला. एक माणूस आत हात घालून बसला असताना ते मशीन सुरू होऊच कसं शकलं, हे तिथं कुणी विचारलं नाही. मीही नाही. तो प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा आलाच नव्हता.

आपण बोलताना सगळ्यालाच ‘बंद’ म्हणतो. लाइन गेली, बंद आहे. बटण दाबलं, बंद आहे. मेन ओढला, बंद आहे. एकाच शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी घालतो आपण! लाइन गेली म्हणजे ते दुसऱ्याच्या हातात आहे. स्टॉपचं बटण दाबलं म्हणजे फक्त कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याच्या, कॉइलचा पुरवठा तुटला, पॅनलमध्ये 415 व्होल्ट तसेच उभे. कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असले तर मोटार बटणाला जुमानतही नाही. इमर्जन्सीचं लाल बटणही याच जातीचं. मशीन थांबवायला ते उत्तम, पण त्याच्या भरवशावर आत हात घालू नये. मेन ओढला तर वीज तुटली खरी, पण तो पुन्हा वर ढकलायला कुणाचाही हात चालतो. बंद असणं, बंद करणं आणि बंद ठेवणं यांत जीवघेणं अंतर आहे. बाबांच्या दुपट्ट्यात होतं ते तिसरं.

हे मला शिकवलं गेलं पुढं, दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यात लागलो तेव्हा. पहिल्याच दिवशी एक लाल कुलूप हातात दिलं. त्यावर माझा फोटो आणि नाव, किल्ली एकच, ती माझ्याकडं. दुसरी किल्ली ना साहेबाकडं, ना गेटवर. मशीनला हात लावायच्या आधी त्याचा आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मेन खटका, पाडायचा, हँडलच्या भोकात आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात. काम करणारे चार असतील तर चार कुलुपं. त्यासाठी एक लोखंडी चिमटा मिळतो, त्याला सहा भोकं असतात. तो हँडलमध्ये अडकवायचा आणि प्रत्येकानं आपापलं कुलूप त्यात लावायचं. शेवटच्या माणसाचं कुलूप निघाल्याशिवाय हँडल वर जात नाही. मॅनेजर आला, मालक आला, तरी नाही.

याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेत 1989 साली याचा सविस्तर नियम झाला, तो जगभरच्या कारखान्यांनी उचलला. मला वाटायचं हे सगळं बाहेरून आलेलं. मग ट्रेनिंगमध्ये कळलं की आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातल्या 24 व्या कलमात 1976 सालीच एक पोटकलम घातलेलं होतं: जो खटका चुकून बंदवरून चालूवर सरकू शकतो, त्याला सुरक्षित बाजूला कुलूपबंद करायची सोय असली पाहिजे. त्याच कायद्यात कापूस दाबण्याच्या कारखान्यांसाठी वेगळं 27 वं कलम होतं, म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना कापसाचे कारखाने चांगले माहीत होते. आणि आमच्या त्या जुन्या जिनिंगच्या पॅनलवरही हँडलला ते भोक होतं! बारा वर्षं मी त्यावरची रुई फडक्यानं पुसत होतो. ते कशासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कुलूप लावलं की झालं, असंही नाही. कुलपानंतरची दोन कामं लोक सर्रास गाळतात आणि माणसं तिथंच जातात.

एक म्हणजे साठून राहिलेली शक्ती. पॉवर फॅक्टर सुधारायला पॅनलमध्ये कपॅसिटर बसवलेले असतात, ॲल्युमिनियमच्या डब्यांसारखे. मेन पाडला तरी त्यांच्या पोटात वीज राहते. आतल्या रेझिस्टरमधून ती उतरायला काही मिनिटं लागतात, आणि रेझिस्टर जळलेला असला तर ती उतरतच नाही. मला हा धडा अंगावर मिळाला. मेन पाडलेला, कुलूप लावलेलं, टेस्टर लावून इनकमिंग तपासलेलं, आणि कपॅसिटरची वायर काढताना कोपरापर्यंत असा दणका बसला की पाना सुटून पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. हात तासभर माझा वाटत नव्हता. 415 व्होल्टच्या लाइनचं शिखर 587 व्होल्टपर्यंत जातं, मेन पडला त्या क्षणी कपॅसिटर कुठवर भरलेला राहील ते आपल्या हातात नसतं. तेव्हापासून थांबतो, मोजतो, इन्सुलेटेड दांडीच्या रेझिस्टरनं डिस्चार्ज करतो, पुन्हा मोजतो.

शक्ती म्हणजे नुसती वीज थोडीच आहे. प्रेसमध्ये रुईची 170 किलोची गाठ दाबली जाते. पंप बंद केला तरी सिलिंडरमध्ये तेलाचा दाब तसाच असतो. गेजचा काटा शून्यावर आलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत वाकू नये. वर अडकलेलं वजन, ताणलेली स्प्रिंग, टाकीत भरलेली हवा, बटण दाबल्यावरही फिरत राहिलेलं जड चाक, या सगळ्यांना मेन स्विचशी काही देणंघेणं नसतं.

दुसरं काम खात्रीचं. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण स्वतः दाबून पाहायचं. एवढी साधी गोष्ट, पण हीच कळीची आहे. एका ओळीत आठ-दहा मशीन, पॅनलवर नावं खडूनं लिहिलेली, त्यातली निम्मी पुसलेली. शेजारच्या मशीनचा मेन पाडून आपल्या मशीनमध्ये हात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि वीज नाही याची खात्री करताना खिशातल्या स्क्रूड्रायव्हर-टेस्टरवर विसंबू नये. कोरड्या लाकडी फळीवर उभं राहिलं तर त्याचा दिवा लागत नाही, भर उन्हात लागला तर दिसत नाही. मीटर घ्यावा. आधी चालू लाइनवर लावून मीटर ठीक आहे हे पाहावं, मग आपल्या जागी मोजावं, मग पुन्हा चालू लाइनवर. मधल्या वेळात मीटरनंच दगा दिला नाही ना, हे त्या तिसऱ्या मोजण्यानं कळतं.

लाइनमन लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. परमिट, म्हणजे लाइन बंद असल्याची लेखी परवानगी, हातात आल्याशिवाय खांबावर चढायचं नाही आणि चढल्यावर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाइन अर्थ करायची, म्हणजे जमिनीशी जोडायची. दोन्ही बाजूंना का? तर बंद फिडरवर वीज सबस्टेशनकडूनच येते असं नाही. गावात कुणाच्या लग्नाला जनरेटर आणलेला असतो, कुणी पिठाच्या गिरणीला लावलेला असतो, आणि मधला चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर एकच जोडणारा खटका, न बसवता तो थेट मीटरच्या वायरिंगला जोडलेला असतो. ती वीज उलटी डीपीत शिरते. डीपी ट्रान्स्फॉर्मरच आहे. तो 11,000 व्होल्टचे 433 करतो तसा उलट्या बाजूनं दिलं तर खालच्या व्होल्टेजचे वर हजारो करून ठेवतो. मांडवात दिवे लागतात आणि तीन किलोमीटरवर खांबावर बसलेल्या माणसाच्या हातातली मेलेली तार जिवंत होते. म्हणून मी गावात कुणी जनरेटर आणला की न बोलावता जाऊन वायरिंग पाहतो. लोक म्हणतात, याला काय करायचं आहे. म्हणू देत.

डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकायला चढणाऱ्या शेतकऱ्यांशी मात्र मला अजून नीट बोलता आलेलं नाही. हरभरा वाळतो आहे, लाइनमनकडं पंधरा गावं, तो संध्याकाळपर्यंत येत नाही. अशा वेळी ‘चढू नका’ एवढंच म्हणणं सोपं असतं. पण गेल्या काही वर्षांत आमच्या पंचक्रोशीत जी दोन मरणं मी पाहिली, ती दोन्ही डीपीवरची होती. म्हणून मी तरीही म्हणतो. चढू नका. हरभरा पुन्हा पेरता येतो.

कुलपाची पद्धत जुन्या जिनिंगमध्ये न्यावी म्हणून मी तिथल्या दिवाणजींना भेटलो होतो. ते भले माणूस, पण त्यांची अडचण खरी होती. “सीझनमध्ये गाड्या दारात उभ्या राह्यतात. एकाचं कुलूप लागलं अन् तो किल्ली घेऊन जेवायले घरी गेला तं?” मी म्हटलं, तर त्याला घरून बोलवा. त्याला जेवण सोडून यावं लागेल, एवढंच होईल. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावली तर नाही का चालणार, हे त्यांनी दोनदा विचारलं. पाटी वाचणारा वाचतो. घाईतला वाचत नाही, रुईच्या धुरळ्यात दिसत नाही, आणि नव्या हमालाला वाचता येतेच असं नाही. कुलूप कुणाला वाचावं लागत नाही.

आमच्याकडे खांडेनवमीला मशीनची पूजा असते. पॅनलला हळदकुंकू, हँडलला झेंडूचा हार, आणि त्या दिवशी कुणीही, अगदी मालकही, बटणाला हात लावत नाही. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत तसंच. त्या एका दिवशी सगळ्या जिनिंगला माहीत असतं की आज मशीनची विश्रांती आहे, आणि ती मोडायची नाही. मी दिवाणजींना हेच सांगितलं होतं. ज्या मशीनमध्ये माणसाचा हात आहे, तिला तेवढ्या वेळापुरती खांडेनवमी समजा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग कपाट उघडून त्यांनी सहा कुलुपांचे पैसे काढून दिले. मामा आता तिथंच वजनकाट्यावर बसतो, डाव्या हातानं पावत्या लिहितो. कुलुपांचं रजिस्टरही त्याच्याकडेच आहे.

मागच्या वर्षी आमच्या वावरात सोलर पंप बसला. जुनी मोनोब्लॉक भंगारात गेली, किटकॅटची पेटीही गेली. यंदा वैशाखात पंपाच्या जाळीत शेवाळ बसून पाणी कमी झालं, म्हणून मोटार वर ओढायची होती. सुटीच्या दिवशी मी गावी गेलो. बाबा आता शहात्तरचे आहेत, विहिरीत उतरत नाहीत, पण काठावर आले आणि कंट्रोलरच्या पेटीभोवती एक चक्कर मारून थांबले.

“याचे फ्यूज कोठी आहेत?”

मी सांगितलं की याला लाइन नाही, हे उन्हावर चालतं.

“मंग ऊन कसं बंद करशीन?”

प्रश्न बरोबर होता. पॅनलवर ऊन आहे तोवर तिकडून येणाऱ्या वायरमध्ये शेकडो व्होल्टचा डीसी उभा असतो. ती लाइन रोज सकाळी येते आणि कुणाला सांगून येत नाही. मी त्यांना पेटीच्या बाजूचा डीसी आयसोलेटर दाखवला. हा फिरवला की मोटारीकडं जाणारी वीज तुटते, पण पॅनलकडून इथवरची वायर जिवंतच राहते, तिला हात लावायचा नाही. हँडलमधलं बारीक भोकही दाखवलं. बाबांनी चष्मा वर करून त्यात बोट घालून पाहिलं. मग कोठ्याच्या दाराचं कुलूप काढून आणलं आणि त्याची कडी भोकात घालायला लागले. कडी जाड होती, जाईना. वाकडी करून पाहिली, तरी जाईना.

“तार बांधू का?” मी म्हटलं. दोर लावून झाला होता, दोन पोरं ओढायला उभी होती.

बाबांनी कुलूप खिशात टाकलं आणि सावलीकडं वळले. “बारीक कडीचं घेऊन ये हिंगणघाटहून. मोटार उद्या काढू.”